डाव्या आट्याची चरकी

“ही उलटी बसवलीय का हो?”

माझ्यासमोर पहिल्यांदा उभा राहणारा प्रत्येक जण हेच विचारतो. दांडा डावीकडे, चोथ्याचं तोंड उजवीकडे, आणि फिरवायला जावं तर हात अडखळतो. मग तो शहाणा माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, जणू मीच काहीतरी खोडी काढलीय. मी आजवर गप्प बसले. लोखंडाला गप्प बसायला शिकवावं लागत नाही. पण आज सांगून टाकते, मी उलटी नाही. मी चांगली सुलटी आहे. फक्त ज्या हातासाठी मला घडवलं, तो हात तुमचा नसेल.

मी टोमॅटोचा रस काढायची हातचरकी. उंची दीड हात, वजन असं की एकदा उचलता यावं आणि दुसऱ्यांदा उचलावंसं वाटू नये. डोक्यावर नरसाळं, पोटात निमुळतं मळसूत्र, त्याच्याभोवती बारीक भोकांची चाळणी, समोर रसाची पन्हळ, एका टोकाला दांडा आणि दुसऱ्या टोकाला सालं-बिया टाकायचं तोंड. एवढाच माझा संसार. आयुष्यभर मी एकच काम केलं आणि ते करता करता माणसांकडे बघत राहिले. त्यांच्याबद्दलचं माझं नवल अजून संपलेलं नाही.

माझा जन्म वर्कशॉपमध्ये झाला असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. त्याआधी मी एका माणसाच्या डोक्यात होते. तिथे मला वजन नव्हतं, आवाज नव्हता, गंजायची भीती नव्हती. जे नाहीच, ते माणसाला दिसतं तरी कसं? मी लोखंडाच्या तुकड्याकडे कितीही वेळ बघितलं तरी मला लोखंडच दिसतं. त्याला त्यात मी दिसले!

तो माणूस म्हणजे मिस्त्री. पाण्याचे पंप बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो लेथवर काम करायचा. केसांत कायम लोखंडाचा भुगा, कानावर पेन्सिल, आणि बोलणं इतकं मोजकं की शब्दांना भाडं पडतंय असं वाटावं. त्याची धाकटी बहीण बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्यांत राहायची. वय बासष्ट झालं तरी लहानपणी चिकटलेलं ‘बेबी’ हे नाव काही सुटलं नव्हतं. मिस्त्रीची ती बेबी आणि बाकी साऱ्या रस्त्याची बेबीताई. टोमॅटोचा रस काढून, उकळून, बाटल्यांत भरून आसपासच्या दुकानांना द्यायचा हा तिचा उद्योग. नवरा गेल्यावर तिनं तो सुरू केला आणि त्यातच जीव रमवला. मुलगा जहाजावर नोकरीला. घरात ती आणि दवाखान्यात नर्स असलेली सून.

रस काढायची तिची रीत सोपी होती आणि जीवघेणी होती. वाफवलेले टोमॅटो चाळणीत घ्यायचे, चाळणी पातेल्यावर ठेवायची आणि तळहातानं घासत राहायचं. सकाळी सुरू केलं की ऊन डोक्यावर येईपर्यंत तेच. टोमॅटोचा आंबटपणा कातडीत मुरत जायचा. तिच्या दोन्ही तळहातांना भेगा पडल्या होत्या, डाव्याला जरा जास्तच. जेवताना बोटाला मीठ लागलं तरी ती दचकायची.

“आई, बंद करा बघू हे,” सून वैतागून म्हणायची. “तळहात आहेत का खवणी?”

“बंद करून काय करू? दिवसभर भिंतीशी गप्पा मारू?”

एका रविवारी मिस्त्री बहिणीकडे आला. तिनं रसाचा पेला पुढे केला आणि त्याला तो तळहात दिसला.

“हे काय गं बेबी?”

“काही नाही रे दादा. जरा आंबट लागतं एवढंच.”

मिस्त्रीनं रस प्यायला, पण कसा होता ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरी जाऊन त्यानं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली. माझी पहिली रेघ ती. या गोष्टी मला नंतर कळल्या, कारण वर्कशॉपमधला वेल्डर येईल त्याला माझी जन्मकथा तिखटमीठ लावून ऐकवत असे.

तिखटमीठ लावण्यासारखं बरंच होतं. पंपांचा मिस्त्री तो. पाणी कसं वागतं हे त्याला पाठ, पण टोमॅटोशी त्याची ओळख जेवणापुरतीच. त्यानं किलोभर टोमॅटो आणले आणि पहिला चक्क शिकंज्यात धरून आवळला. रस वेल्डरच्या चष्म्यावर गेला. मग त्यानं दोन रुळांमधून टोमॅटो पिळायचा घाट घातला. टोमॅटो रुळांवर बसून नुसता नाचला, आत जाईना. मग पाती लावली. त्यातून रस आला खरा, आणि मिस्त्री बाटली घेऊन बहिणीकडे ऐटीत गेला. तिनं एक घोट घेतला आणि नाक मुरडलं.

“कडवट झालाय. बिया भरडल्या गेल्या यात.”

“मग काय करू?”

“दादा, टोमॅटोला कापायचं नसतं. त्याची समजूत काढायची असते. हळूहळू रेटत न्यायचं, म्हणजे तो आपणहून सोडतो.”

असली सूचना कोणत्या कारखान्यात कुणाला मिळते? पण मिस्त्री ती कागदावर लिहून घेऊन गेला. ‘समजूत काढणे’ या दोन शब्दांचं त्यानं निमुळतं मळसूत्र केलं. पुढे जावं तशी जागा कमी होत जाणारं, घाई न करणारं, टोमॅटोला चाळणीच्या अंगाला हळूच टेकवणारं. ती ओळ आजही माझ्या चित्राच्या कोपऱ्यात आहे.

उरला प्रश्न भोकांचा. भोक मोठं झालं तर बी रसात उतरणार, लहान झालं तर चाळणी तुंबणार. मिस्त्रीनं बिया धुतल्या, वाळवल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या आणि खिशात घेऊन फिरू लागला. जेवणाच्या सुट्टीत एकेक बी व्हर्निअरमध्ये धरायचा, मोजायचा, आकडा लिहायचा. ज्या मापानं पंपाचे लोखंडी दांडे मोजायचे, त्या मापानं हा माणूस टोमॅटोच्या बिया मोजत होता! तीनशे मोजल्या. वेल्डरनं विचारलं, “मिस्त्री, यांचं लग्न जमवायचंय का?” मिस्त्रीनं पुढची बी चिमटीत धरली. मग पत्र्यात एक मिलिमीटरची अठराशे चाळीस भोकं पाडली, एकेक करून. एकोणीस ड्रिल मोडले. बहिणीच्या हाताला भेगा पडू नयेत म्हणून कुणी अठराशे चाळीस वेळा श्वास रोखून धरतं, हे मी स्वतःच्या अंगावर बघितलंय. माझ्या चाळणीत शेवटचं भोक पडलं तेव्हा त्यानं ती उजेडासमोर धरली आणि त्याच्या तोंडावर सगळीकडे उजेडाचे ठिपके पडले. मला दिसलेलं पहिलं माणसाचं तोंड ते.

तेव्हा माझा दांडा उजवीकडे होता बरं का. जगात असतो तसाच.

बेबीताईच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून एक जाड फळीचं टेबल होतं. मिस्त्रीनं मला तिथे चार बोल्टांनी पक्कं बसवलं. नरसाळ्यात वाफवलेले टोमॅटो पडले. बेबीताईनं ॲप्रनला हात पुसला, उजव्या हातानं दांडा धरला आणि फिरवला.

तो क्षण कसा सांगू? तोवर माझ्या पोटात हवा आणि तेलाचा वास होता. अचानक काहीतरी मऊ, गरम आत आलं, मळसूत्रावर चढलं, पुढे सरकलं आणि चाळणीच्या सगळ्या भोकांतून एकाच वेळी बाहेर आलं. पन्हळीवरून लाल रस पातेल्यात पडला आणि दुसऱ्या तोंडातून कोरडी सालं-बिया, शहाण्यासारखी वेगळी. एकसुद्धा बी रसात नव्हती. हे मी केलं? मला खरंच वाटेना!

सुनेनं टाळ्या वाजवल्या. बेबीताई म्हणाली, “दादा, तू म्हणजे ना!” मिस्त्री छाती फुगवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी घरात बेबीताई आणि मी, दोघीच होतो. तिनं टोमॅटो घातले, दांड्यासमोर उभी राहिली आणि तिचा डावा हात पुढे आला. किती सहज आला म्हणून सांगू! काल त्या उजव्या हातानं मला धरलं होतं तेव्हा पाहुण्यानं धरल्यासारखं वाटलं होतं. या हातानं घरच्यासारखं धरलं. पकड सैल, पण नेमकी. मी खूश झाले. पण त्या हातानं आपल्या सवयीनं मला फिरवलं ते उलट्या दिशेला. माझं मळसूत्र उलटं फिरलं, पुढे जाणारे टोमॅटो माघारी वळले आणि एक तर नरसाळ्यातून टुणकन उडी मारून टेबलाखाली पळाला.

बेबीताई खळखळून हसली. आणि हसता हसता एकदम थांबून तिनं दाराकडे बघितलं. घरात कुणी नव्हतं, रस्त्यावरूनही कुणी डोकावत नव्हतं. तरी चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला. तिनं डावा हात मागे घेतला, उजव्यानं दांडा धरला आणि काम सुरू केलं. ती कशाला घाबरली हे मला कळलं नाही.

चार-पाच दिवसांत तिचा उजवा खांदा भरून आला. डाव्या हातानं मला सुलट्या दिशेला फिरवून पाहिलं, तर मनगट मुडपायचं आणि सारखी चूक व्हायची. टेबलाच्या पलीकडे भिंत, म्हणजे तिकडून उभं राहायची सोय नाही. मी समोर असून तिच्या कामाची नव्हते. मग एका सकाळी तिनं माझ्यावर फडकं टाकलं, जुनी चाळणी काढली आणि डाव्या तळहातानं पुन्हा टोमॅटो घासायला बसली. भरू लागलेल्या भेगा पुन्हा उघडल्या. फडक्याखालून मला ती घासण्याची लय ऐकू यायची. मला अठराशे चाळीस भोकं होती आणि त्यांतलं एकही तिच्या उपयोगी पडत नव्हतं. असं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आता माणसाची करामत ऐका. मिस्त्री दर रविवारी यायचा. तो यायच्या आधी बेबीताई फडकं काढायची, दोन टोमॅटो कुस्करायची आणि माझ्या नरसाळ्याला, पन्हळीला, तोंडाला नीट माखायची. मी दिवसभर राबून दमलेय असं दिसावं म्हणून! कामचुकार माणूस काम केल्याचं सोंग करतो हे मी वर्कशॉपमध्ये पाहिलं होतं. पण यंत्राला वाईट दिसू नये, भावाचं मन मोडू नये, म्हणून यंत्राच्या वतीनं सोंग करणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

“कशी चालतेय?” मिस्त्री विचारायचा.

“लोण्यासारखी!” ती म्हणायची.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मिस्त्रीनं खिशातून तेलाची छोटी झारी काढली आणि माझा दांडा उघडला. लेथवरच्या माणसाला लोखंडाची झीज वाचता येते, हे बेबीताईच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं मळसूत्राच्या कडेवरून अंगठा फिरवला. महिनाभर चाललेल्या कडेला चमक यायला हवी होती. तिथे त्यानंच मारलेल्या पॉलिशच्या रेघा तशाच होत्या. लाकडी मूठ कोरी करकरीत होती. आणि टोमॅटो माखला होता नरसाळ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे तो चालत्या यंत्रात कधीच जात नाही.

“बेबी, तू ही चालवत नाहीस.”

“चालवते की रे.”

“चालवून दाखव.”

तिनं उजव्या हातानं दांडा धरला. दोन फेरे झाले, तिसऱ्याला तिचे ओठ आवळले गेले. दारात उभ्या सुनेला राहवलं नाही.

“मामा, आईंचा खांदा बघा जरा. रोज शेकतेय मी. मला म्हणाल्या, दादाला सांगशील तर याद राख. आणि या मशीनच्या आधी काही दुखत नव्हतं, कारण यांचं सगळं काम त्या हातानं…”

बोलता बोलता सुनेनं बेबीताईच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. आणि बेबीताईनं तो हात झटकन ॲप्रनमागे लपवला. बासष्ट वर्षांच्या बाईनं, डोळे खाली करून, लहान मुलीसारखा. तिला स्वतःलाही ते कळलं नसावं.

मिस्त्रीच्या हातातली झारी कलली, तेल फळीवर सांडलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं पाना काढला, माझे चारही बोल्ट सोडवले आणि मला काखेत मारलं.

“दादा, राहू दे ना रे. मी करेन सवय,” बेबीताई मागून म्हणाली.

तो वळला नाही. दारापाशी सून पुटपुटत होती, “मी जास्त बोलले का?”

वर्कशॉपमध्ये आल्यावर वाटलं, झालं, आता माझी रवानगी भंगारात. कोपऱ्यातला तो ढीग मला दिसत होता. पण मिस्त्रीनं मला बाकावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घरून दाढीचा आरसा घेऊन आला. माझं चित्र पसरलं, आरसा त्याच्या कडेला उभा धरला आणि आत दिसत होतं ते दुसऱ्या कागदावर उतरवू लागला. आरशात माझा दांडा डावीकडे होता. मी स्वतःला पहिल्यांदा तशी बघितली आणि ओळखलंच नाही.

चित्र काढणं सोपं होतं. लोखंडाला पटवणं सोपं, हाताला पटवणं महाकठीण. डावा आटा, म्हणजे उलट्या वळणाचा पीळ, पाडायचा तर लेथच्या गिअरांत एक जास्तीचं चाक घालायचं आणि हत्यार नेहमीच्या उलट दिशेनं न्यायचं. मिस्त्रीनं चाक घातलं, तोंडानं ‘डावा, डावा’ म्हणत काम सुरू केलं, आणि मध्येच टोकाला धार लावायला मशीन थांबवलं. परत सुरू करताना जन्माची सवय लागलेल्या हातानं ते जास्तीचं चाक मुकाट्यानं काढून ठेवलं. नव्या मळसूत्राच्या लोखंडावर एकावर एक दोन उलट-सुलट आटे पडले. वेल्डर म्हणाला, “मिस्त्री, हे बटाट्याला लावा. सोलून निघेल.”

मिस्त्री हसला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा उघडला, चमचा डाव्या हातात घेतला आणि लोखंडी फूटपट्टी वेल्डरच्या हातात दिली.

“माझा उजवा हात पुढे आला की यावर मार.”

“डोकं ठिकाणावर आहे का, मिस्त्री?”

“मार म्हटलं ना.”

चार घास झाले आणि उजवा हात आपोआप पुढे आलाच. वेल्डरनं पट्टी हळूच टेकवली.

“जोरात. मी जोरात मारायचो.”

“कुणाला?”

तेव्हा मिस्त्री बोलला. एवढं सलग बोललेलं मी त्याला त्याआधीही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

“बेबीला. ती सहा वर्षांची, मी नऊ. ती डावखुरी. वडिलांना वाटायचं, डाव्या हाताचं अक्षर वाईट येतं. मला पट्टी दिली आणि म्हणाले, हिच्या हाताकडे लक्ष ठेव. मी काय, घरचा फौजदार झालो! लिहिताना, जेवताना, खेळताना, डावा हात दिसला की फटका. वर्षभरात सवय मोडली. वडिलांनी पाठ थोपटली माझी. मला आजपर्यंत वाटत होतं, चांगलं काम केलं आपण.” त्यानं वेल्डरच्या हातातल्या पट्टीकडे बघितलं. “मोडली नव्हती रे. लपवली होती. छप्पन्न वर्षं माझ्यापासून लपवत आली. म्हणून तर मी उजव्या हाताची चरकी केली. सख्ख्या बहिणीचा हात कोणता, हे मला ठाऊक नव्हतं.”

वेल्डरनं पट्टी खाली ठेवली. पण मिस्त्रीनं ती त्याच्या हातात पुन्हा दिली. आठवडाभर हा खेळ चालला. मिस्त्रीनं डाव्या हातानं जेवण केलं, लिहिलं, दाढी केली. हनुवटीवर कापलं, सदऱ्यावर सांडलं, हजेरीच्या वहीत त्याची सही बघून साहेबांनी विचारलं, “आजारी आहात का?” उजव्या हाताच्या बोटांची पेरं लाल झाली. मी बाकावरून सगळं बघत होते. घाव घालणारी हत्यारं मी रोज बघते, पण स्वतः घातलेला घाव कसा लागतो हे बघायला निघालेलं हत्यार कधी पाहिलं नाही. ते माणसालाच सुचतं.

आठव्या दिवशी डावा आटा एकसंध उतरला. जुनं मळसूत्र निघालं, नवं बसलं. पन्हळ कापून दुसऱ्या अंगाला जोडली, दांडा डावीकडे गेला. अंग तेच, आणि आतलं सगळं फिरलेलं. मी तीच आहे का दुसरी, असा प्रश्न मला पडला होता. फार वेळ टिकला नाही, कारण मिस्त्रीनं मला काखेत मारून बहिणीच्या घरी नेलं.

ती आठ दिवस घाबरून होती. दादा रागावला, आता येणार नाही, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. मिस्त्रीनं चार बोल्ट आवळले, टोमॅटो घातले आणि बाजूला झाला.

“फिरव.”

तिनं माझ्याकडे बघितलं. दांडा डावीकडे! तिचा हात निघाला आणि वाटेतच थांबला. तिनं दाराकडे बघितलं. मग भावाकडे.

“तू बघतोयस,” ती हळूच म्हणाली.

“हो. बघायलाच उभा आहे मी. फिरव बेबी.”

डावा हात मुठीवर आला. तोच, सैल आणि नेमका. दांडा फिरला, टोमॅटो पुढे सरकले, आणि लाल रस असा धो धो आला की पातेलं सरकवायला सुनेची धांदल उडाली. बेबीताईचं रसाकडे लक्षच नव्हतं. ती आपल्या हाताकडे बघत होती. एवढ्या वर्षांनी तो सगळ्यांसमोर उजेडात काम करत होता. माझ्या आयुष्यात मी हजारो टोमॅटोंचा रस काढला असेन, पण त्या दिवशी माझ्यातून जे बाहेर आलं तो नुसता रस नव्हता.

मिस्त्रीला राहवेना. “बघू, हलकी चालतेय का,” म्हणत तो पुढे झाला आणि सवयीनं उजवा हात दांड्याकडे नेला. बेबीताईनं टेबलावरचा लाकडी डाव उचलून त्याच्या पेरांवर टप्पकन मारला.

“तो हात नाही, दादा!”

सून फिसकन हसली, बेबीताई हसली, आणि मिस्त्रीही हसला. त्यानं डावा हात पुढे केला आणि मला झकास फिरवलं. बेबीताईचं हसू थांबलं. ती त्या हाताकडे, उजव्या हाताच्या आधीच लाल असलेल्या पेरांकडे, हनुवटीवरच्या कापल्याच्या खुणेकडे बघत राहिली.

“तुला कधीपासून येतं हे?”

“आठवडा झाला.”

तिला सगळं समजलं. कसं समजलं ते मला विचारू नका. माणसांच्यात न बोलता जे पोचतं त्याला कुठलं मळसूत्र लागतं, ते मला ठाऊक नाही.

“दुखलं का रे?” तिनं विचारलं.

“तुझ्याइतकं नाही.”

त्यानंतर मिस्त्रीकडे चरक्यांसाठी लोक येऊ लागले. त्यानं आणखी तेरा केल्या. कुणी आलं की आधी माप नाही, चित्र नाही. टेबलावर एक टोमॅटो ठेवायचा आणि म्हणायचा, “उचला.” माणूस गोंधळून टोमॅटो उचलायचा आणि मिस्त्री हाताकडे बघायचा. मग पेन्सिल घ्यायचा. उंची, पकड, बसून काम करणार की उभ्यानं, सगळं त्या एका उचलण्यातून बघायचा. तेरापैकी दोन माझ्यासारख्या डाव्या निघाल्या. उरलेल्यांतली एक इथेच माझ्या शेजारी आहे, सुनेसाठी केलेली. तिच्या पोटात माझं जुनं मळसूत्र आहे. आमच्या दोघींच्या पन्हळी एकाच पातेल्यात उतरतात.

आता मी जुनी झाले. नरसाळ्याचा रंग गेला, चाळणीची काही भोकं झिजून मोठी झाली, तेव्हा एखादी बी कधीमधी रसात उतरते. बेबीताई ती चमच्यानं काढते आणि म्हणते, “असू दे गं, वय झालं तुझं.” तिचंही झालंय. पण तळहात बघाल तर गुळगुळीत आहेत. मूठ झिजून तिच्या डाव्या हाताच्या आकाराची झाली आहे. दुसऱ्या कुणाला ती नीट धरता येत नाही.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कुणासाठी काही घडवाल, यंत्र असो नाहीतर साधी खुंटी असो, आधी त्या माणसापुढे एक टोमॅटो ठेवा आणि गप्प बसून बघा. प्रेमानं केलेली वस्तूसुद्धा चुकीच्या हाताची निघू शकते; मी निघाले होते. आणि काम झालं की आम्हाला धुऊन ठेवा. चोथा वाळला की फार खाजतं.

मिस्त्री जाऊन आता दोन मोसम झाले. सकाळी बेबीताई टोमॅटो वाफवते, नरसाळं भरते, मुठीवर डावा हात ठेवते. आणि फिरवण्याआधी, पूर्वीसारखीच, दाराकडे बघते. आता त्यात भीती नसते. तो तिथे चौकटीला टेकून उभा राहायचा ना, हाताकडे बघत. क्षणभर ती थांबते.

“बघ हं दादा,” ती म्हणते, आणि मी फिरू लागते.